तपासणी दोघांची, रक्षण तिघांचे

(तरुण जोडप्यांच्या गावमेळाव्यात आरोग्य शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



 आरोग्य खात्याचे भाषण म्हटले की लोकांना वाटते, आता या बाई दोन मुलांवर थांबा म्हणणार, ऑपरेशनच्या कॅम्पची तारीख सांगणार आणि जीपमध्ये बसून जाणार. ते तर मी सांगतेच. पण आजचा विषय थोडा वेगळा आहे. कोवळ्या वयात आई होणाऱ्या आपल्या लेकी-सुनांना आणि त्यांच्या पोटच्या बाळाला एच.आय.व्ही.ची लागण होऊ नये, म्हणून नवरा-बायकोने मिळून काय करायचे, ते मी सांगणार आहे.

नाव काढल्याबरोबर पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. घालू नका. मी इथे कोणाला काही विचारणार नाही, कोणाकडे बोट दाखवणार नाही. साप घरात शिरला तर आपण लाजत बसत नाही. कंदील घेऊन, काठी घेऊन उठतो. रोगाचेही तसेच आहे.

हा रोग काय आहे?

आपल्या देशात हा विषाणू पहिल्यांदा १९८६ साली चेन्नईत रक्ताच्या तपासणीत सापडला. तेव्हा त्यावर औषध नव्हते. म्हणून "एड्स झाला म्हणजे माणूस गेला" अशी भीती घरोघर बसली. ती भीती आजही काही घरांत तशीच आहे. औषध मात्र तिथे थांबलेले नाही. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारी दवाखान्यांत ए.आर.टी. नावाच्या गोळ्या मोफत मिळायला सुरुवात झाली. २०१७ पासून तर लागण आढळली की लगेच उपचार सुरू करायचे, असे धोरण आहे. आज वेळेवर गोळ्या घेणारा माणूस शेती करतो, लेकरं वाढवतो, नातवंडांचे तोंड पाहतो.

एच.आय.व्ही. हे विषाणूचे नाव. तो अंगात शिरला की रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी हळूहळू मारतो. वर्षानुवर्षे माणूस बाहेरून धडधाकट दिसतो. उपचार झाले नाहीत तर मग क्षय, जुलाब, वजन घटणे अशी दुखणी मागे लागतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. तेव्हा "चेहऱ्यावरून कळतंय की, चांगला तगडा आहे" असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. हा रोग तोंडावर दिसत नाही. तो रक्त तपासल्यावरच कळतो.

तो पसरतो चारच वाटांनी. लागण झालेल्या व्यक्तीशी निरोधशिवाय शरीरसंबंध आल्यास. तपासणी न केलेले रक्त चढवल्यास. दुसऱ्याला टोचलेली सुई पुन्हा टोचल्यास. आणि आईकडून बाळाला, म्हणजे पोटात असताना, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून. एका ताटात जेवल्याने, एका हंड्यातले पाणी प्यायल्याने, लेकराचा पापा घेतल्याने, एका गोधडीत झोपल्याने, डास चावल्याने हा रोग होत नाही.

कोवळ्या वयाच्या आईला धोका जास्त का?

आपल्या महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झाले. त्यात २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांना लग्नाचे वय विचारले. शंभरातल्या सुमारे २२ जणींनी सांगितले की त्यांचे लग्न अठराच्या आत झाले. म्हणजे पाच लग्नांमागे एक. ही गोष्ट फक्त दूरच्या आदिवासी पाड्यांची नाही. आपल्याच ऊसतोडीच्या भागात काय चालते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुलगा एकटा असला तर अर्धा कोयता. मग दसऱ्याच्या आत लग्न उरकायचे, की दिवाळीनंतर जोडी फडात. शिवाय आई-बाप तोडीला गेल्यावर वयात आलेली मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, हीही चिंता असते. ती चिंता खोटी नाही, हे मी मान्य करते. पण तिच्यावरचा हा इलाज मुलीच्या अंगावर येतो.

कसा येतो ते ऐका. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचे शरीर बाहेरून मोठे दिसले तरी आतून वाढत असते. गर्भाशयाच्या तोंडावरचे अस्तर या वयात नाजूक असते. ते लवकर दुखावते आणि विषाणूला आत शिरायला वाट मिळते. हे झाले शरीराचे. दुसरी गोष्ट घरातली. नवरा तिच्याहून पाच-सात वर्षांनी मोठा. लग्नाआधी तो चार गावे फिरलेला. कोणी ट्रकवर, कोणी मुंबईला माथाडीत, कोणी परराज्यात गलाईच्या धंद्यात. सगळेच वाकडी वाट धरतात असे मी म्हणत नाही, बहुतेक जण धरत नाहीत. पण ज्याचे पाऊल एकदा घसरले असेल, त्याने कधी रक्त तपासलेले नसते. आणि नवी नवरी त्याला विचारणार तरी कशी? जिला जेवायला वाढताना वर बघायची चोरी, ती "निरोध वापरा" असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

तिसरी गोष्ट ही की लग्नाला वर्ष झाले नाही तोवर शेजारपाजार विचारायला लागतो, "काय गं, काही आनंदाची बातमी?" त्यामुळे पाळणा लांबवायचा विचारच होत नाही. निरोध घरात येत नाही. मुलगी एकाच वेळी गर्भालाही उघडी आणि रोगालाही उघडी राहते.

माझ्या हातून झालेली चूक

मी समाजकार्याची पदविका घेतली आणि सुरुवातीला एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक म्हणून कामाला लागले. गरोदर बायांना रक्ततपासणीआधी समजावून सांगायचे आणि नंतर रिपोर्ट द्यायचा, हे माझे काम. तेव्हाची एक गोष्ट सांगते. तिचे नाव-गाव सांगणार नाही. ते सांगायचा मला हक्क नाही.

मुलगी अठरा वर्षांची. लग्न सतराव्यातच झालेले. तिसरा महिना. सासू बरोबर होती. नवरा बाहेर लिंबाखाली मोटारसायकलवर बसलेला. तो ट्रकवर ड्रायव्हर होता, आठ-पंधरा दिवसांनी घरी यायचा. मुलीचे रक्त घेतले, रिपोर्ट आला, लागण नाही. मी हसून म्हणाले, "रिपोर्ट चांगला आहे हं. आता काही काळजी नाही. गोळ्या वेळेवर घे." कार्डावर नोंद केली आणि पुढच्या बाईला हाक मारली. त्या दिवशी चाळीस बाया होत्या. खिडकीतून तो नवरा मला दिसत होता. त्याला आत बोलावणे दोन मिनिटांचे काम होते. ते मी केले नाही.

मुलगा झाला. पेढे वाटले. बाळ सात महिन्यांचे असताना तो ड्रायव्हर खोकल्याने आजारी पडला. थुंकी तपासली, क्षय निघाला. क्षयाच्या रुग्णाचे एच.आय.व्ही. तपासतात, तसे तपासले, तर लागण निघाली. मग बायकोला बोलावले. तिलाही लागण. मग बाळाचे रक्त घेतले. बाळालाही.

ती माझ्यासमोर बाकावर बसली होती. रडली नाही. एवढेच म्हणाली, "बाई, तुम्हीच म्हणाला होतात ना, रिपोर्ट चांगलाय म्हणून?"

मी काय उत्तर देणार? रिपोर्ट खरा होता. त्या दिवशी तिला लागण नव्हती. पण रिपोर्ट म्हणजे लस नव्हे. तो आजचे सांगतो, उद्याचे सांगत नाही. लागण पहिल्याच संबंधात होते असे नाही. ती कधीही होऊ शकते. तिला ती गरोदरपणात उशिरा किंवा बाळंतपणानंतर झाली. आणि वाईट भाग पुढेच आहे. नव्यानेच लागण झालेल्या माणसाच्या रक्तात विषाणूचा जोर फार असतो. त्या वेळी ती बाई गरोदर असली किंवा अंगावर पाजत असली तर बाळाला लागण होण्याचा धोका वाढतो. तिला काही कळण्याच्या आधीच तिच्या दुधातून ते बाळापर्यंत पोचलेले असते.

ते तिघेही आज उपचारावर आहेत. मुलगा शाळेत जातो, पळतो, भांडतो. पण त्याला रोज गोळी घ्यावी लागते, आणि जन्मभर घ्यावी लागेल. त्या दिवशी त्याच्या बापाचे बोट टोचले असते तर कदाचित ती घ्यावी लागली नसती. त्या दिवसापासून मी कोणत्याही गरोदर मुलीला नुसते "रिपोर्ट चांगला आहे" असे सांगून परत पाठवत नाही. पहिला प्रश्न विचारते, "मालक कुठे आहेत? त्यांना आत बोलवा."

दोघांनी काय करायचे?

तेव्हा माझे आजचे मुख्य सांगणे हेच आहे. तपासणी एकट्या बाईची नको, दोघांची हवी.

लग्न ठरले की मुलाने आणि मुलीने आपापल्या राजीखुशीने तपासणी करून घ्यावी. आपण पत्रिका बघतो, छत्तीस गुण जुळवतो, पाहुण्यांची जमीन किती ते तलाठ्याकडे जाऊन बघतो. मग रक्ताचा एक थेंब बघायला काय हरकत आहे? लग्न होऊन गेले असेल तर मूल हवे असे ठरेल तेव्हा दोघांनी तपासावे. तेही राहिले असेल तर दिवस राहिल्याबरोबर, पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवावे आणि त्याच दिवशी नवऱ्याचीही तपासणी व्हावी.

एक बारकावा ध्यानात ठेवा. लागण झाल्यावर लगेच ती तपासणीत दिसत नाही. साधारण तीन महिन्यांपर्यंत रिपोर्ट फसवा येऊ शकतो. म्हणून धोक्याची शंका असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे, आणि गरोदर बाईने सातव्या-आठव्या महिन्यात डॉक्टरांना विचारून दुसऱ्यांदा तपासून घ्यावे. नवरा बाहेरगावी राहणारा असेल तर हे विसरूच नये.

तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लागण असल्याची शंका आली तर पक्की तपासणी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या तपासणी व समुपदेशन केंद्रात होते. दोन्हीकडे पैसे पडत नाहीत. गरमी, म्हणजे उपदंशाचीही तपासणी गरोदरपणात करून घ्यावी. गुप्तरोगाची जखम असली तर एच.आय.व्ही.ला आत शिरायला आयते दार मिळते. अंगावर पांढरे जाणे, लघवीच्या जागी फोड, जखम, आग होणे, हे लपवू नका आणि वैदूकडे जाऊ नका. दोघांनी एकदम औषध घ्या, नाहीतर एक बरा होतो आणि दुसऱ्याकडून पुन्हा उलट घेतो.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी तपासणी करावी आणि माता-बाल संरक्षण कार्ड कपड्याच्या बोचक्यात नव्हे, पैशाच्या पिशवीत ठेवावे. कारखान्याच्या भागातही आशाताई आहेत, आरोग्य केंद्र आहे. कार्ड दाखवले की पुढची तपासणी तिथे होते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांना डॉक्टर मोफत तपासतात. ती तारीख मुकादमाला आधीच सांगून ठेवा.

निरोध, तांबी आणि गोळी

कुटुंब नियोजनाची साधने तुम्हाला ठाऊक आहेत. तांबी आहे, माला-डी आणि छायाची गोळी आहे, अंतराचे इंजेक्शन आहे. पाळणा लांबवायला ही सगळी चांगली आहेत. पण त्यांतले एकही साधन एच.आय.व्ही. रोखत नाही. तांबी बसवली, म्हणजे सगळ्यापासून सुटलो, असे समजू नका. ऑपरेशन झालेल्यालाही लागण होऊ शकते.

दोन्ही कामे करतो तो निरोध. १९६८ साली सरकारने निरोध गावोगाव न्यायला सुरुवात केली, तेव्हा हेतू एकच होता, पाळणा लांबवणे. आज तो पाळणाही लांबवतो आणि रोगही अडवतो. दर वेळी नवा वापरायचा, वापरून झाला की गाठ मारून कागदात गुंडाळून पुरून टाकायचा. आरोग्य केंद्रात तो फुकट मिळतो, आशाताईंकडेही मिळतो. मागायला लाज वाटत असेल तर रुग्णालयाच्या पेटीतून उचला, कोणी विचारत नाही.

आणि तरुण मंडळींनो, निरोध आणायचा तो पुरुषाने. हे काम अठरा वर्षांच्या बायकोवर टाकू नका. घरी आल्यावर तिने विचारण्याची वाट न बघता तुम्हीच म्हणा, "आपली दोघांची तपासणी होईपर्यंत हे वापरू." यात तिचा अपमान नाही आणि तुमचाही नाही.

मुलीचे वय वीसच्या आत असेल तर पहिले मूल थोडे थांबवा. तिचे अंग भरू द्या, रक्त वाढू द्या. लवकर आलेले बाळंतपण तिला अशक्तपणा देते, बाळाचे वजन कमी भरते. थांबायला निरोध आहेच. त्यात तिचे दोन्हीकडून रक्षण आहे.

लागण निघालीच तर

आता समजा, गरोदर मुलीला लागण निघाली. घर डोक्यावर घेऊ नका. तिला माहेरी पाठवू नका. ऐका, काय करता येते.

काहीच उपचार केले नाहीत तर अशा शंभर आयांपैकी १५ ते ४५ जणींच्या बाळांना लागण होते. उपचार वेळेवर केले तर हा आकडा शंभरात ५ च्याही खाली येतो. त्यासाठी पाच गोष्टी कराव्या लागतात.

पहिली, ज्या दिवशी कळेल त्या दिवसापासून ए.आर.टी.ची गोळी सुरू करायची. ती बाळंतपणानंतरही थांबवायची नाही, जन्मभर घ्यायची. दुसरी, बाळंतपण दवाखान्यातच करायचे. तिसरी, जन्मल्याबरोबर बाळाला औषधाचा डोस सुरू करायचा, तो किमान सहा आठवडे. चौथी, पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध. घुट्टी नाही, मध नाही, पाणी नाही, आणि अंगावरचे नि वरचे दूध असे मिसळूनही नाही. मिसळल्याने बाळाच्या आतड्याला इजा होते आणि लागणीचा धोका वाढतो. पुढे किती महिने पाजायचे ते केंद्रातल्या बाई सांगतील. पाचवी, सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन तपासायचे आणि पुढे सांगतील त्या तारखांना, शेवटी अठराव्या महिन्यात, पुन्हा तपासायचे. शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत काम पुरे झाले असे समजू नका.

हे आपल्यासारख्यांना जमते का? जमते. ऊसतोडीच्या एका जोडप्याची गोष्ट सांगते, त्यांचेही नाव सांगणार नाही. ती एकोणीस वर्षांची, चौथा महिना. निघायच्या आठ दिवस आधी तपासणी केली, दोघांनाही लागण निघाली. नवरा म्हणाला, "बाई, उचल घेतलीया. गेलो नाही तर मुकादम सोडणार नाही." आम्ही गोळ्या सुरू केल्या. तिकडच्या जवळच्या केंद्रासाठी चिठ्ठी दिली. कोपीत भिंत नाही, घड्याळ नाही. रोज रात्री भाकरी झाली की नवरा पत्र्याच्या डब्यातून दोन गोळ्या काढायचा, एक तिच्या हातावर, एक स्वतःच्या. एक दिवस चुकला नाही. कळा सुरू झाल्या तेव्हा मध्यरात्री १०८ ची गाडी फडापर्यंत बोलावली. मुलगी झाली. अठराव्या महिन्याचा रिपोर्ट घ्यायला दोघे आले, तेव्हा बापाने रिपोर्ट मला तीनदा वाचायला लावला. मुलीला लागण नव्हती.

नियमाने गोळ्या घेतल्या की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की मशीनलाही सापडत नाही. तसे झाल्यावर आणि तसेच राहिल्यास शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. म्हणून दोघांपैकी एकालाच लागण असेल तरी संसार मोडायची गरज नाही. रिपोर्ट तसा आला आहे असे डॉक्टर सांगेपर्यंत मात्र निरोध सोडायचा नाही.

सासूबाई, तुम्हालाही दोन शब्द

गरोदर बाईचे रक्त आधी तपासले जाते. म्हणून घरात रोगाचे नाव आधी तिच्यावर निघते. लगेच बोलतात, "हिनेच आणला, पांढऱ्या पायाची." मावशी, ज्याचा रिपोर्ट आधी आला त्यानेच रोग आणला असे होत नाही. ती बिचारी फक्त आधी तपासली गेली. आणि कोणी आणला याचा निवाडा करून बाळ वाचत नाही. बाळ वाचते गोळीने. तुम्ही पाच बाळंतपणे बघितली आहेत. तिला गोळीची आठवण तुम्ही करा, दवाखान्यात तुम्ही घेऊन जा, बाळाला मध चाटवायला कोणी आले तर त्यांचा हात तुम्ही धरा. सुनेला डॉक्टरपेक्षा तुमचा आधार मोठा वाटतो.

कायदा काय म्हणतो?

मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण झाल्याशिवाय लग्न लावणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. लावणारे आई-बाप, जुळवणारे, विधी करणारे, सगळे त्यात येतात. असे लग्न ठरत असल्याचे कळले तर १०९८ या नंबरावर फोन करा.

एच.आय.व्ही.साठी २०१७ साली वेगळा कायदा झाला. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही, रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो, आणि लागण आहे म्हणून उपचार, नोकरी, शाळा नाकारता येत नाही. काही शंका असेल तर १०९७ या नंबरावर फुकट फोन करून विचारा. नाव सांगावे लागत नाही.

आणि ज्या घरात मुलगी अठराच्या आतच आई होणार आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. चूक झाली म्हणून आता तिला दवाखान्यापासून लपवू नका. तिला तपासणीची गरज सगळ्यांत जास्त आहे.

सभेत विचारलेले काही प्रश्न

प्रश्न : मी कधी वाकडं पाऊल टाकलं नाही. मग मी कशाला तपासू?

उत्तर : चांगली गोष्ट आहे. रोग रक्तातून आणि सुईतूनही येतो. तपासणीला फार वेळ लागत नाही, आणि तुम्ही पुढे झालात की मागचे दहा जण लाज सोडून येतील.

प्रश्न : गोळ्या घेऊन त्रास होतो म्हणतात?

उत्तर : सुरुवातीला काहींना मळमळ, चक्कर, झोपेची तक्रार होते. डॉक्टरांना सांगा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका. बंद-चालू केल्याने औषध लागू पडेनासे होते.

प्रश्न : (एका नव्या सुनेने बाहेर पडताना हळूच विचारलेला) मी तयार आहे, पण ते येत नसतील तर?

उत्तर : तू तुझी तपासणी कर आणि बाईंना सांग. नवऱ्याला बोलावण्याचे काम आमचे. आम्ही तुझे नाव पुढे करत नाही. "गरोदर बाईच्या मालकाची तपासणी सगळ्यांची करतो," असे सांगून बोलावतो.

शेवटी, एवढे ध्यानात ठेवा

१. मुलीचे लग्न अठरानंतर, पहिले मूल विशीनंतर.
२. दिवस राहिल्याबरोबर नोंदणी, आणि त्याच दिवशी दोघांची तपासणी.
३. आजचा चांगला रिपोर्ट उद्याची हमी नाही. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना निरोध वापरा.
४. तांबी, गोळी, ऑपरेशन पाळणा थांबवतात, रोग थांबवत नाहीत.
५. लागण निघाली तर त्याच दिवसापासून गोळी, दवाखान्यात बाळंतपण, बाळाला औषध आणि अठरा महिन्यांपर्यंत तपासणी.
६. लागण झालेल्या सुनेला घराबाहेर नको, घरातच आधार द्या.

उद्या सकाळी नऊ वाजल्यापासून मी आणि सिस्टर आरोग्य केंद्रात आहोत. येताना जोडीने या. आणि मोटारसायकल लिंबाखाली लावून तिथेच बसू नका, आत या.